मापाला दिलेलं ब्लाउज

आमच्या पूर्णेत बायका अंगाचं माप देत नाहीत, ब्लाउज देतात. कॅरीबॅगमध्ये नवं कापड, त्याच्यात गुंडाळलेलं एक जुनं ब्लाउज आणि वर निरोप, याच मापाचं शिवा, गळा तेवढा मोठा करा. रेल्वे कॉलनीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत, मी तेवीस वर्षं ब्लाउज शिवतेय. या तेवीस वर्षांत ज्यांच्या अंगाला मी स्वतः टेप लावला अशा बाया हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच. टेप घेऊन उठलं की बाई दोन पावलं मागं सरकते आणि म्हणते, राहू द्या, ब्लाउज आणलंय ना. मग मी तरी कशाला मागं लागू?

यातून भांडणं लय व्हायची. लग्नातलं ब्लाउज मापाला द्यायचं, मधे दोन लेकरं झालेली, आणि नवं अंगात शिरलं नाही की दुकानात येऊन माझ्यावर डाफरायचं. मी काही ऐकून घेणारी नाही. ब्लाउज तुमच्याच मापाचं हाय, तुमी बदललाव, असं मी कितीतरी जणींना तोंडावर सुनावलेलं आहे. वर त्या गेल्यावर हसायची पण. बायकांना स्वतःचं अंग कसं कळत नाही बाई, याचं मला मोठं नवल वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी माझी डावी बाजू काढली. गाठ होती, नांदेडला ऑपरेशन झालं, मग किमो झाले. शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागला नाही, तेवढं एक बरं. डोक्याचे केस गेले आणि परत आले. गावात आम्ही गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं, कारण गर्भपिशवीबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. खरं काय ते घरात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि आमच्या ह्यांना; सासरी गेलेल्या लेकीलाही नाही.

आमचे हे रेल्वेत चावीवाले आहेत. म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं चालत जायचं, रूळ धरणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या असल्या तर ठोकायच्या, सांधे बघायचे आणि वहीत लिहायचं. चुडावा स्टेशनाच्या अलीकडचा पट्टा त्यांच्याकडं आहे. बोलणं कमी. माझ्या आजारपणात त्यांनी भाकरी थापायला शिकून घेतली, पण कसं वाटतंय असं एकदाही विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही. उलट कपडे बदलताना मी आतून कडी लावायला लागले. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली बाई नवऱ्यापासून कडी लावून ब्लाउज बदलते, म्हणजे बघा. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, पुन्हा पहिल्यासारखी झाले तरच ह्यांच्यासमोर कडी निघेल. तीन वर्षं ती कडी लागत होती आणि ह्यांनी कधी दार वाजवलं नाही.

रिकाम्या जागी काय घालायचं हा माझ्या धंद्यातलाच प्रश्न होता. मी मऊ सुती कापडाची पिशवी शिवली, तिच्यात कापूस भरला. कापूस हलका, हात वर केला की पिशवी गळ्याकडं चढायची. म्हणून तळाला दोन मुठी ज्वारी घातली. मग ती जागेवर बसली. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं, आणि दीड वर्ष ते निभावलं सुद्धा.

एका दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक मॅडम फॉल लावलेली साडी न्यायला आल्या होत्या. मी वरच्या फळीवरनं साडी काढायला हात उंचावला, आणि पिशवीची शिवण उसवली. माझ्या ब्लाउजातून ज्वारी गळायला लागली. टपटप फरशीवर. मी तिथंच हात वर करून उभी, खाली घेतला तर अजून सांडेल म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्याची शिवण उसवली असती तर मी समजू शकले असते, पण माझी स्वतःची शिवण?

मॅडम खाली बसल्या, दाणे वेचले, ओंजळीत घेऊन माझ्या टेबलावर ठेवले आणि दुकानाचा पडदा ओढून घेतला. मग म्हणाल्या की त्यांच्या थोरल्या बहिणीचंही असंच झालं होतं, आणि आता नांदेडला एक डॉक्टर बाई आहेत, त्या आतून बसवून देतात. सिलिकॉनचं असतं. फोन नंबर देऊन त्या गेल्या. साडी विसरूनच गेल्या, दुसऱ्या दिवशी मला पोचवावी लागली.

मला आधी विश्वासच बसेना. असलं काम नट्यांचं, सिनेमातल्या बायकांचं, असं डोक्यात बसलेलं. पण उत्सुकता वाईट. आतून बसवतात म्हणजे कसं बसवतात? शिवण कुठं घेतात? एका मापाचं असतं की लहानमोठं? दोन दिवस मी बाह्या उलट्या लावत होते, इतकं ते डोक्यात घोळत होतं. तिसऱ्या दिवशी ह्यांना एवढंच म्हटलं, नांदेडला तपासणीला जायचंय. त्यांनी मान हलवली.

सकाळच्या गाडीनं गेले. चुडाव्याच्या अलीकडं खिडकीतून बघितलं तर हे हिरवी झेंडी धरून रुळाच्या कडेला उभे. गाडी जाईपर्यंत चावीवाल्यानं बाजूला उभं राहायचं असतं. मी कुठल्या डब्यात आहे त्यांना काय माहीत, तरी हे सगळ्या डब्यांकडं बघत होते.

डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान, चष्मेवाल्या. मी धंदा सांगितला तसा त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एकेक नग माझ्या हातात द्यायला लागल्या. मी तर दवाखान्यात आहे हेच विसरले. गोल, चपटे, उंच, थेंबाच्या आकाराचे, एक गुळगुळीत, एक बारीक खरखरीत. थंडगार आणि वाटतो त्यापेक्षा जड. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर उलटा करून शिवण शोधली. मागं एक गोल ठिगळ होतं, चिकटवलेलं. काम सफाईदार होतं, मला मानावंच लागलं. एक नमुना त्यांनी मधोमध कापून ठेवलेला होता. मला वाटलं आतलं ओघळेल, पण नाही, खरवसाच्या वडीसारखं कापलेलं तसंच राहिलं होतं. मी बोटानं दाबून बघितलं. दोनदा.

मग मी विचारत सुटले. थेंबाचा दिसायला खरा वाटतो, मग सगळ्या तोच का घेत नाहीत? बाईंनी सांगितलं की तो आत फिरला तर आकार तिरपा होतो, म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवतात, आतल्या मासाला धरून राहावा म्हणून. पण खरखरीत पृष्ठभागाच्या काही प्रकारांचा एका वेगळ्याच, अगदी क्वचित होणाऱ्या कॅन्सरशी संबंध आढळलाय, म्हणून त्या स्वतः सहसा गुळगुळीत गोलच वापरतात. गोल फिरला तरी गोलच. हे मला पटलं. मिठाच्या पाण्याचे पण असतात, ते फुटले तर पाणी अंगात जिरतं आणि जागा बसते, लगेच कळतं. जेलचे फुटले तर बाहेरून कळत नाही, अधूनमधून तपासणी करून घ्यावी लागते. कुठलाच जन्माला पुरेल असं नाही, कधीतरी बदलायची पाळी येऊ शकते. भोवती शरीर स्वतःच एक पापुद्रा तयार करतं, तो कधी कधी आवळून कडक होतो. शेक घेतलेल्या बायकांत ते जास्त होतं. पोटाचं मास घेऊन तिथं लावायचीही पद्धत आहे म्हणे, पण माझ्या पोटाला आहे काय? हाडं आणि चहा.

बाईंना मी विचारलं, मग माप कशावरून ठरवता? मला वाटलं लहान, मोठं, मधलं असं काही असेल. तर म्हणाल्या, आधी छातीची रुंदी बघायची, तेवढ्याच रुंदीचा नग. मग तेवढ्याच रुंदीत किती पुढं यायचा ते ठरवायचं, कमी, मध्यम की जास्त. मी म्हटलं, म्हणजे कटोरीचंच की. बूड तेवढंच ठेवायचं आणि टक्स कमीजास्त घेऊन खोली बदलायची. बाई हसल्या. म्हणाल्या, इतक्या लवकर हे कुणाला समजलेलं त्यांनी बघितलं नाही. मी मनातून फुगले.

मला त्यांनी खोटी कात्री चालवायला लावली. कापड धरते, ओढते, मशीनखाली सरकवते, हे सगळं हवेत करून दाखवलं. माझी कातडी पातळ, म्हणून नग छातीच्या स्नायूखाली ठेवायचा, नाहीतर कडा बाहेरून दिसतील. पण स्नायूखाली ठेवला की डाव्या हातानं कापड ताणताना तो जरासा हलेल, हे आधीच सांगून ठेवलं. लपवाछपवी नाही, मला ते आवडलं.

आणि हे एका दमात व्हायचं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी डावीकडं पुरेशी कातडी उरलीच नव्हती, तिथं आत ठेवायला जागा कुठली? तर आधी एक रिकामा फुगा बसवायचा, दर पंधरा दिवसांनी त्यात सुईनं मिठाचं पाणी घालायचं आणि कातडी हळूहळू ताणून घ्यायची. पुरेशी ताणली की दुसरं ऑपरेशन, फुगा काढून नग आत.

ह्यांना घरी येऊन सांगितलं. सगळं नाही, जेवढं सांगता आलं तेवढं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रजेचा अर्ज लिहायला कागद मागितला.

फुगा बसला. पुढं दर पंधरा दिवसांनी मी नांदेडला. फुग्याचं तोंड कातडीखाली असतं, ते बाई छोट्या लोहचुंबकानं शोधायच्या. मशीनखाली पडलेल्या टाचण्या मी लोहचुंबकानंच गोळा करते, त्यामुळं मला त्याची लय मजा वाटली. सुई गेली की आत ताण यायचा, दोन दिवस दुखायचं, मग बरं वाटायचं. पण मला दुखण्याचं काही नव्हतं. मला घाई होती.

कारण माझ्याकडं मापाला ब्लाउज होतं.

माझं सगळ्यात चांगलं ब्लाउज. भाचीच्या लग्नाला शिवलेलं, वांगी रंगाचं, कटोरीचं, अस्तर लावलेलं. आजारपणाच्या आधीचं. ते मी पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. पहिल्यांदा पाणी घातलं त्या दिवशी घरी येऊन कडी लावली आणि ते घातलं. डावी कटोरी आत पडलेली होती. पंधरा दिवसांनी परत घातलं, थोडी उचलली. परत पंधरा दिवसांनी, अजून थोडी. मी आरशासमोर डाव्या कटोरीच्या सुरकुत्या मोजायची. चार होत्या, तीन झाल्या, दोन झाल्या. इतका आनंद मला बारावीच्या निकालाचाही झाला नव्हता. नांदेडला बाई म्हणाल्या की आता पुरे होईल बहुतेक. मी म्हटलं, नाही, अजून थोडं घाला. कातडी जरा जास्त ताणलेली बरीच असते म्हणून त्यांनी अजून एकदा घातलं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लाउज घातलं तर डाव्या कटोरीत एकही सुरकुती नव्हती. टिच्चून बसली होती.

पुढच्या खेपेला मी ते ब्लाउज अंगात घालूनच गेले. वर साधी साडी, पदर गच्च. डॉक्टरांच्या खोलीत पदर काढला आणि म्हटलं, बाई, हे घ्या माझं माप. याच्यात बसंल असा नग काढा.

बाईंनी मला भिंतीवरच्या आरशासमोर उभं केलं, खांदे सरळ केले आणि विचारलं, "ही बाजू कधी बघितली होती तुम्ही?"

त्यांचं बोट उजवीकडं होतं. माझी धडकी बाजू. देवानं दिलेली, कुणी हात न लावलेली. तिच्या कटोरीला सुरकुत्या पडल्या होत्या. चार. खालच्या बाजूला तर कापड मोकळं लोंबत होतं, मुंढ्याखाली बोट जाईल इतकी जागा. मी खाली बघितलं, परत आरशात बघितलं. किमोत वजन उतरलं होतं, मग वय, मग जे काय व्हायचं ते झालं होतं. उजवी केव्हाच बदलून गेली होती. बारीक झाली होती, खाली आली होती. अडीच वर्षं मी तिच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. सगळं लक्ष गेलेल्या बाजूवर, आणि जी माझ्याबरोबर राहिली तिची मी साधी चौकशी केली नाही.

मला लाज वाटली. खरं सांगते, ऑपरेशनच्या दिवशी रडले नव्हते इतकी त्या आरशासमोर रडले. ज्यांना मी तुमी बदललाव म्हणून हसले होते त्या सगळ्या बाया माझ्या मागं रांगेत उभ्या आहेत असं वाटलं.

बाईंनी पाणी दिलं. मग शांतपणे दोन वाटा सांगितल्या. एक, आज जशी उजवी आहे तिच्या जोडीला शोभेल असा लहान, कमी पुढं येणारा नग डावीकडं घालायचा. फुग्यातलं थोडं पाणी काढून घ्यायचं. तरी दोन्ही अगदी सारख्या होणार नाहीत, थोडा फरक राहील. दुसरी, डावीकडं ब्लाउजाच्या मापाचा मोठा घालायचा आणि उजवीलाही छेद देऊन, उचलून, आत एक लहान नग बसवायचा. मग ब्लाउज दोन्ही बाजूंनी भरेल. दोन्ही करता येतात. ठरवायचं मी.

मी आठ दिवस मागून घेतले. मनातून मला दुसरी वाट हवी होती, हे कबूल करते. ब्लाउज भरलं असतं ना. पहिल्यासारखी झाले असते, कडी निघाली असती. पण धडक्या बाजूला सुरी लावायची म्हटलं की हात आपोआप उजवीवर जायचा. एकदा सुरी लागलेल्या बाईला ते काय असतं ते माहीत असतं. निदान उजवीचं माप तरी नीट घ्यावं म्हणून मी टेप घेऊन बसले, पण स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. हात वर केला की सगळंच वर जातं. तीनदा घेतलं, तीन आकडे आले.

पाचव्या दिवशी दुपारी हे ड्युटीवरून आले, जेवले आणि ओट्यावर बसून बुटांचा चिखल काढायला लागले. मी शेजारी गव्हातले खडे वेचत होते. कसं सांगावं कळेना, म्हणून गव्हाकडं बघतच सगळं सांगून टाकलं. ब्लाउजाचं, आरशाचं, दोन वाटांचं. कडीचं तेवढं नाही सांगितलं.

ते बूट खरवडतच म्हणाले, "जुन्या रुळात तुकडा घालायचा असला तर आमी नवा कोरा न्हाई टाकत. जुना जितका झिजलाय, तितकाच झिजलेला हुडकून आणतो. न्हाईतर सांध्याला पायरी पडती, अन् चाक आपटतंय."

माझं डोकंच फिरलं. मी काय रूळ हाय का, म्हणून मी त्यांच्यावर जे तोंड सोडलं ते गल्लीत ऐकू गेलं असेल. सूप उचलून आत गेले. पण खडे वेचताना, भाकरी करताना, दुसऱ्या दिवशी हूक लावताना तेच ते डोक्यात. शेवटी मीच बाहेर येऊन विचारलं, किती झिजलाय ते कळतं कसं? नजरेनं?

"नजरेनं न्हाई," ते म्हणाले. "मोजून."

मी पुढं विचारलं, जुना सगळाच काढून नवा टाकत का नाहीत? ते म्हणाले, धडका रूळ कशाला काढायचा, त्याच्यावरनं गाडी चाललीय ना. एवढंच. पण त्या चाललीय ना मध्ये मला काहीतरी सापडलं. चाललीयच की उजवी. माझ्या लेकीला तिनंच पाजलं, डावीला दूध कमी होतं. आजारपणातही तीच जागेवर होती. आता तिला कापून मी काय करणार, सहा वर्षांपूर्वीच्या भाचीच्या लग्नात जाणार?

आठव्या दिवशी नांदेडला फोन लावला आणि सांगितलं, उजवीला हात लावायचा नाही. डावी तिच्या मापाची करा.

मग बाईंनी माप घेतलं, माझ्या उघड्या अंगावर, टेपनं. छातीची रुंदी, गळ्याच्या खड्ड्यापासून खालपर्यंतचं अंतर, चिमटीत कातडी धरून तिची जाडी. उजवीचं आधी, डावीचं नंतर. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. चांगला टेप धरतात, ओढत नाहीत. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं माप घेत होतं, आणि मला दोन पावलं मागं सरकावंसं वाटलं, पण सरकले नाही. गोल, गुळगुळीत, जेलचा, कमी उंचीचा नग ठरला. ब्लाउजाच्या हिशेबानं बराच लहान.

दुसरं ऑपरेशन झालं त्याला आता पाच महिने होतील. सूज उतरली, नग जागेवर बसला. डाव्या हातानं कापड ताणलं की तो जरासा हलतो, बाईंनी सांगितलं होतं तसाच. आधी दचकायची, आता हसायला येतं. ज्वारीची पिशवी उसवून चिमण्यांना टाकली.

पण मला घालायला ब्लाउज नव्हतं. सगळी जुन्या मापाची. नवं कापायचं तर माप पाहिजे, आणि स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हे तर तीनदा बघून झालं होतं. दुकानात कुणाला सांगणार? दोन दिवस कापड तसंच घडी घालून ठेवलं.

गेल्या रविवारी दुपारी हे घरी होते. मी त्यांना खोलीत बोलावलं. ते आत आल्यावर मी कडी लावली. त्यांनी कडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी टेप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, मी सांगते तिथं धरा, आकडा सांगा. पाठ करून ब्लाउज काढलं आणि वळले. वळायला मला जेवढा जोर लागला तेवढा ऑपरेशनच्या टेबलावर चढायलाही लागला नव्हता.

त्यांनी बघितलं, आणि हात धुऊन येतो म्हणाले, लोखंडाचा वास येतोय म्हणून. कोपऱ्यातल्या घागरीनं तिथंच हात धुतले, शर्टाला पुसले. गार हात होते. मी सांगेन तिथं टेप धरत गेले, वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, एकेक आकडा दोनदा बघून. मी दुकानाच्या मापाच्या वहीत लिहीत होते. तेवीस वर्षांच्या वहीत माझं पान पहिल्यांदाच उघडलं होतं. कटोरीचं माप आलं तेव्हा त्यांनी डावीकडं टेप लावला, मग उजवीकडं, मग परत डावीकडं.

"पाव इंच फरक हाय," ते म्हणाले.

मला तो पाव इंच दिसत होता, रोज दिसत होता. त्यांना दिसू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप.

त्यांनी टेप गुंडाळला, आणि ड्युटीवर बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "एवढा आमच्याकडं पास करतेत."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडायला आलं, आणि मग कुठलं कुठलं ते कळेनासं झालं. त्यांनी माझ्या हातातनं पेन घेतलं. वहीत डावी आणि उजवी असे दोन वेगळे आकडे लिहिलेले होते, त्यांच्या खाली वाकून त्यांनी सही केली, रुळाची पाहणी झाल्यावर करतात तशी, पूर्ण नावाची. मग पेनचं टोपण लावून ते माझ्या शेजारी खाटेवर बसले. बाहेर कुणीतरी ब्लाउज घेऊन आलं होतं, हाक मारत होतं. मारू दिली. कडी काढायची आम्हाला काही घाई नव्हती.